योगायोग कुणाच्या वाट्याला येतो?

माझ्या आजीने १९७२ साली महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या विहिरी आटवल्या. निदान तिच्या सासरच्या लोकांचं तरी तसं ठाम मत होतं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती लग्न होऊन बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी आली. वय पंधरा. पाऊस पडलाच नाही. दिवाळीपर्यंत मळ्यातल्या विहिरीतून पोहऱ्यात गाळ यायला लागला. एक बैल दगावला, दुसरा विकावा लागला. 'पांढऱ्या पायाची आहे,' असं आधी तिची सासू म्हणाली, मग भावकी म्हणाली, मग गाव म्हणालं. त्याच वर्षी शेजारच्या गावातल्या विहिरीही आटल्या होत्या. नगरच्या, सोलापूरच्या, औरंगाबादच्या, उस्मानाबादच्या आटल्या होत्या. सरकार परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी वाटत होतं, पोरांना सुकडी मिळत होती आणि लाखो माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्यात आजीही होती. म्हणजे ज्या दुष्काळाचं खापर तिच्या डोक्यावर फुटलं, त्याच दुष्काळाची खडी ती दिवसभर फोडत होती.

मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नुकतीच प्रोबॅबिलिटी शिकलो होतो. मला हसू आलं होतं. आता येत नाही. का येत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: 'योगायोग' हा आपल्या भाषेतला एक अतिशय न्यायी शब्द आहे आणि आपण तो नेमका चुकीच्या माणसांना वाटतो. ज्यांना तो मिळायला हवा त्यांच्या वाट्याला पायगुण, पनवती, करणी येते. ज्यांना तो मिळता कामा नये, त्यांना मात्र तो मागितल्याबरोबर मिळतो.

*

आधी शब्द उघडून बघू.

'योगायोग' या शब्दाची संधी सोडवली तर हातात येतं योग अधिक अयोग. जुळणं आणि न जुळणं. आपण तो फक्त जुळण्यासाठी वापरतो, पण त्याच्या पोटात न जुळणंही बसलेलं आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'योग' हा तर आपल्या घरातला शब्द. लग्नाचा योग, घराचा योग, 'योग असावा लागतो हो'. मूळ धातू युज्, म्हणजे जोडणं. पंचांगाच्या पाच अंगांमध्ये तिथी, वार, नक्षत्र आणि करण यांच्या जोडीला योग असतो, आणि तो निघतो चक्क बेरजेतून. सूर्य आणि चंद्र यांचे भोगांश मिळवायचे, बेरीज तीनशे साठच्या वर गेली तर तीनशे साठ वजा करायचे, उत्तराला तेरा अंश वीस कलांनी भागायचं, की सत्तावीसपैकी कितवा योग चालू आहे ते कळतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात बारीक अक्षरात 'व्यतीपात' छापलेलं असतं, ज्याला लोक घाबरतात, ते या गणिताचं उत्तर असतं. कोडच्या चार ओळी.

आता शेजारच्या भाषा बघा. इंग्रजीतला 'कोइन्सिडन्स' लॅटिनमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ एकत्र येऊन पडणं. संस्कृतातला 'संपात' अगदी तसाच घडलेला आहे. वसंतसंपात आपण म्हणतोच. उर्दूतला 'इत्तेफाक' अरबीतून आला, मूळ अर्थ जुळणं, एकमत होणं. म्हणून उर्दूत एखाद्याच्या मताशी 'इत्तेफाक' असतो किंवा नसतो. बंगालीत तर आपलाच शब्द आहे, उच्चार 'जोगाजोग', पण अर्थ संपर्क. एका ॲपच्या बंगाली भाषांतराच्या फाइलमध्ये 'आमच्याशी संपर्क साधा' या बटणावर मला हा शब्द दिसला तेव्हा भाषांतर चुकलंय असं समजून मी बग नोंदवला होता. बंगाली सहकाऱ्याने तो हसत हसत बंद केला.

संस्कृतात यासाठी खास गोष्टीच आहेत. काकतालीय न्याय: कावळा ताडाखाली यायला आणि ताडाचं फळ पडायला एकच वेळ. घुणाक्षर न्याय: लाकूड पोखरता पोखरता किड्याकडून अक्षराचा आकार उमटतो, म्हणून किडा साक्षर ठरत नाही. मराठीने यातला कावळा ठेवला आणि ताड काढून टाकला: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

या सगळ्या शब्दांमध्ये एक गोष्ट समान आहे. पडणं, जुळणं, जोडलं जाणं, भेटणं. क्रिया आहे, कर्ता नाही. आता यांच्या शेजारी दुसरे शब्द ठेवा. 'दैव' देवापासून आलं. 'नशीब' म्हणजे अरबीत वाटा, आणि वाटा म्हटला की वाटणारा आला. करणी कुणीतरी केलेली असते, कृपा कुणाची तरी असते, आणि पायगुण कुणाच्या तरी पायाला चिकटलेला असतो. योगायोगात कावळा आहे, फांदी आहे, मोडल्याचा आवाजही आहे. आरोपी तेवढा नाही.

म्हणून मी त्याला न्यायी शब्द म्हणतो. आजीला १९७२ साली तो एक शब्द कुणी दिला असता तर पुरलं असतं. 'पोरगी आली आणि दुष्काळ पडला, योगायोग.' पण तो दिला गेला नाही, कारण आटलेल्या विहिरीसमोर उभ्या असलेल्या माणसांना कुणीतरी हवं होतं. पावसाला जाब विचारता येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला येतो.

*

हे सगळं खेड्यातलं, जुन्या काळातलं, अडाणी लोकांचं, असं वाटत असेल तर इंग्लंडमध्ये चला.

सॅली क्लार्क ही वकील होती. १९९६ च्या डिसेंबरात तिचं पहिलं बाळ अचानक गेलं. १९९८ च्या जानेवारीत दुसरंही गेलं. दोन्ही वेळा ती घरी होती. तिच्यावर खुनाचा खटला भरला गेला. साक्षीला आलेल्या एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने सांगितलं की अशा घरात एक बाळ अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. म्हणून दोन दगावण्याची शक्यता या आकड्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली.

या गणितातली पहिली चूक दहावीचा मुलगाही दाखवेल. दोन शक्यतांचा गुणाकार तेव्हाच करता येतो, जेव्हा दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसतो. इथे आईबाप तेच, जनुकं तीच, घर तेच. एक बाळ गेलं असेल तर दुसऱ्याला धोका जास्त असू शकतो. दुसरी चूक जास्त खोल आहे. दोन बाळं नैसर्गिकरीत्या दगावणं दुर्मीळ आहे, मान्य. पण एखाद्या आईने आपली दोन्ही बाळं मारणं हेही अत्यंत दुर्मीळच आहे. तुलना या दोन दुर्मीळ गोष्टींमध्ये करायची होती. कोर्टासमोर तराजूचं एकच पारडं ठेवलं गेलं.

इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकडेमोडीवर जाहीर आक्षेप घेतला. दुसऱ्या बाळाच्या तपासणीत जंतुसंसर्गाचे पुरावे मिळाले होते आणि ते बचाव पक्षाला दाखवलेच गेले नव्हते, हेही पुढे बाहेर आलं. २००३ मध्ये तिची सुटका झाली. चार वर्षांनी ती वारली.

७ कोटी ३० लाख या आकड्याला शास्त्राचा कोट घातलेला आहे एवढंच. तो काढा, आत काय दिसतं? 'ही घरात असताना दोन जीव गेले.' आमच्या गावात हेच वाक्य गणिताशिवाय म्हटलं जातं.

एवढी मोठी संख्या ऐकली की आपली विचारशक्ती बंद पडते, म्हणून एक साधा हिशेब करू. दहा लाखांत एकदाच घडणारी गोष्ट दर दिवशी प्रत्येक माणसाच्या बाबतीत घडू शकते असं धरा. आपली लोकसंख्या १४० कोटी. म्हणजे भारतात ती रोज १,४०० जणांच्या बाबतीत घडेल. पर्सी डायकोनिस आणि फ्रेडरिक मोस्टेलर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ च्या त्यांच्या योगायोगांवरच्या निबंधात हाच मुद्दा मांडला: संधी पुरेशा जास्त असल्या की वाटेल ती चमत्कारिक गोष्ट घडतेच. २३ माणसांच्या खोलीत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. तुमच्या ऑफिसच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडताळून बघा. दुर्मीळ गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या घरात घडणारच असते. ज्याच्या घरात घडली त्याने ती घडवली, असं त्यातून निघत नाही.

*

आता माझी पाळी. मी वर गावाला आणि कोर्टाला नावं ठेवली, पण मी स्वतः हे केलं आहे, आणि तेही प्रोबॅबिलिटीच्या पेपरात चांगले मार्क मिळवल्यावर.

आमच्या टीममध्ये सहा जण होतो. सर्व्हर पडला की रात्री उठून बघायची जबाबदारी आठवड्यागणिक फिरायची. एक मुलगी नव्याने आली. तिच्या पाळीत सर्व्हर पडला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर कुणीतरी म्हणालं, 'पनवती आहे रे.' सगळे हसले. तीही हसली. मी तिच्या फोटोचं व्हॉट्सॲप स्टिकर बनवलं, खाली लिहिलं 'आज रात्री कोण झोपणार नाही?' ते खूप चाललं. काही महिन्यांनी तिने टीम बदलून घेतली. जाताना कारण सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

नंतर एका अहवालासाठी मला नऊ महिन्यांच्या सगळ्या बिघाडांची यादी काढावी लागली. एकूण ११ वेळा सर्व्हर पडला होता, त्यातले ५ तिच्या पाळीत. सहा जणांच्या टीममध्ये हे जास्तच दिसतं. मग मी तारखा बघितल्या. अकरापैकी आठ बिघाड महिनाअखेरचे होते. आणि नऊ महिनाअखेरींपैकी सहा तिच्या पाळीत आल्या होत्या, कारण आम्ही सीनियर लोक त्या आठवड्यांची पाळी 'जरा घरी काम आहे' म्हणून नव्या मुलीशी बदलून घ्यायचो. उरलेल्या तीन महिनाअखेरी आमच्या पाळीत होत्या, आणि त्या तिन्ही वेळा सर्व्हर पडला होता. तिच्या सहांपैकी एकदा तो पडला नव्हता. म्हणजे पायगुणच मोजायचा तर तिचा आमच्यापेक्षा बरा होता.

कारण मग तासाभरात सापडलं. महिनाअखेरचे दोन जॉब रात्री एकाच वेळी एकाच टेबलावर येऊन पडायचे आणि एकमेकांना अडवून बसायचे. लॅटिनमधला मूळ अर्थ अगदी अक्षरशः. एका जॉबची वेळ चाळीस मिनिटं पुढे ढकलली, त्रास संपला. ते वेळापत्रक आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ इंजिनिअरने लावलं होतं. त्याला कुणी पनवती म्हणालं नाही. त्याच्या चुकीला मीटिंगमध्ये वेगळा शब्द मिळाला: 'एज केस'. आमच्या धंद्यात 'योगायोग' असा म्हणतात.

नेदरलँड्समधल्या ल्युसिया दे बर्क या नर्सची हकिगत मी त्यानंतर वाचली. तिच्या ड्युटीत रुग्ण दगावण्याचं प्रमाण जास्त दिसलं. हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक, असं कोर्टात सांगितलं गेलं. २००३ मध्ये जन्मठेप. पुढे उलगडलं की एखादा मृत्यू संशयास्पद धरायचा की नाही, हे ठरवतानाच ती तिथे होती का हे डोक्यात होतं. आधी माणूस ठरला, मग घटना गोळा केल्या. २०१० मध्ये ती निर्दोष सुटली. मी वाचलं आणि फोनमधलं ते स्टिकर शोधून काढून टाकलं. त्याने काही होत नाही, हे मलाही कळतं.

'अरे, गंमत असते ती, एवढं काय मनावर घ्यायचं?' हा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझाच होता. गंमत तेव्हा असते जेव्हा ती सगळ्यांच्या वाट्याला येते. पनवती कोण ठरतं ते बघा. नवी सून, नवी मुलगी, विधवा, टीममधला सगळ्यात ज्युनियर. बॉस कधी पनवती ठरलेला बघितलाय? सासरा पांढऱ्या पायाचा असतो का? पुरुषासाठी तो शब्द वापरून बघा, तोंडात बसतच नाही.

*

आता दुसरी बाजू. योगायोग ज्यांना सढळ हाताने मिळतो ते.

१३ मे २०२४ रोजी संध्याकाळी मुंबईत वादळी वारा सुटला आणि घाटकोपरच्या एका पेट्रोल पंपावर जाहिरातीचं अवाढव्य होर्डिंग कोसळलं. १७ माणसं गेली. महापालिकेच्या नियमानुसार होर्डिंग जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांचं असायला हवं होतं. हे १२० बाय १२० होतं, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट. पुढे जाहिरात कंपनीच्या संचालकाच्या वतीने न्यायालयात बचाव मांडला गेला की ही देवाची करणी.

खटल्याचा निकाल न्यायालय देईल. मला रस आहे त्या युक्तिवादात. त्या संध्याकाळी वारा येणं आणि त्या वेळी ती माणसं पंपावर असणं, यात योगायोग आहेच. पण नऊपट पत्रा योगायोगाने उभा राहत नाही. त्याला पाया लागतो, क्रेन लागते, परवानगीचा कागद लागतो, आणि तो रोज बघून गप्प बसणारी माणसं लागतात. कावळा बसला हे खरं, पण फांदी आधीच करवतीने कापून ठेवलेली असेल तर कावळ्याची गोष्ट सांगायची नसते.

म्हणजे दुष्काळ पडतो तेव्हा आम्ही मुलीचे पाय बघतो आणि लोखंड पडतं तेव्हा आभाळाकडे बघतो. जिथे कर्ता नाही तिथे शोधून काढतो, जिथे आहे तिथे तो पुसून टाकतो. हे अज्ञान असतं तर दोन्हीकडे सारख्या चुका झाल्या असत्या. चुका नेहमी एकाच दिशेने होतात, दुबळ्यावर पडतात आणि बलवानाला सोडतात. अशा चुकांना आम्ही बग म्हणत नाही. सिस्टीम अशीच बांधलेली आहे, असं म्हणतो.

मग योगायोग कुठला आणि कारण कुठलं, हे ओळखायचं कसं? त्यासाठी शब्दाच्या पोटातला तो अयोग बाहेर काढावा लागतो.

१८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने शेकडो माणसं मेली. डॉक्टर जॉन स्नो याला ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचा संशय होता. पंपाच्या आसपास माणसं मेली, एवढ्यावर तो थांबला असता तर तो पायगुणाचाच युक्तिवाद झाला असता. त्याने उलटी यादीही केली. पंपाजवळ राहूनही जे मेले नाहीत ते कोण? जवळच्या दारूच्या भट्टीतले कामगार वाचले होते. ते बिअर प्यायचे आणि भट्टीची स्वतःची विहीर होती. जवळच्या अनाथ-गरिबांच्या वसतिगृहात फार थोडे दगावले. तिथेही वेगळी विहीर. आणि पंपापासून दूर, हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई मेली होती. ती त्याच पंपाचं पाणी मुद्दाम मागवून प्यायची. जुळलेलं आणि न जुळलेलं, दोन्ही मोजल्यावरच त्याने पंपाला दोषी धरलं.

आजीच्या बाबतीत हा हिशेब पाच मिनिटांचा होता. जिथे नवी सून आली नाही त्या घराची विहीर आटली का? आटली. जिथे आली आणि तरी बैल जगला, असं घर आहे का? आहे. संपलं. आमच्या टीममध्ये तर यादी सर्व्हरवरच पडलेली होती. कुणाला ती उघडायची गरज वाटली नाही, मला सुद्धा नाही. कारण मोजायला बसलं की पाळ्या कुणी बदलून घेतल्या, तेही मोजलं जातं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'हा योगायोग नाही' म्हणून बोट दाखवलं तर न जुळलेल्या गोष्टींची यादी मागा. आणि कुणी 'हा निव्वळ योगायोग' म्हणून हात झटकले तर तीच यादी मागा. दोघांनाही राग येईल.

*

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाचं लग्न झालं. नवी वहिनी घरात आल्यानंतर आठवड्याभरात मळ्यात बोअर घेतला आणि पाणी लागलं. सगळं घर खूश. काका म्हणाले, पोरीचा पायगुण चांगला आहे. काकूने तिच्या पायांवर पाणी घालून हळदकुंकू लावलं. वहिनी लाजली. मीही मोबाइल काढून फोटो घेत होतो.

आजी ओसरीवर बसली होती. आता तिला नीट दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. ती एवढंच म्हणाली, "पाणी खाली होतं म्हणून लागलं. तिच्या पायाकडं कशाला बघता? उद्या आटलं तर परत तिच्याच पायाकडं बघाल."

कुणी काही बोललं नाही. काकूने तांब्या उचलला आणि आत गेली.